ड्रेसिंगवाली बायजाबाई

खारकोंढ्याच्या मिशन दवाखान्यात पाय दाखवायला आलेला माणूस आधी डॉक्टरांकडे जातच नसे. व्हरांड्याच्या टोकाला एक बुटकं स्टूल, एक निळा टब आणि त्या स्टुलावर बसलेली बायजाबाई. तिच्यापुढं पाय ठेवल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, असा तिथला कायदा. कुणी लिहिलेला नव्हता, पण मोडायची छाती कुणाची नव्हती.

"ठेव पाय. लाजतो कशाला? मना काय तुझ्याशी लगीन लावायचंय न्हाय."

"बाय, जरासं लागलंय."

"कधी?"

"चार दिस झालं."

"चार दिस म्हंजे महिना. पुढं बोल."

माणूस ओशाळून हसायचा. तेवढ्यात बायजाबाईनं पट्टी सोडून, नाक जवळ नेऊन, मान हलवलेली असायची. वास तिला सांगायचा. गोडसर कुबट वास असला तर ती नुसतंच "हं" म्हणायची आणि टबात गरम पाणी ओतायची. सडक्या माशासारखा वास आला की तिची बडबड थांबायची. बायजाबाई गप्प झाली म्हणजे पाय गेला, हे आजूबाजूच्या दहा गावांना ठाऊक होतं.

साखरेच्या आजारात पाय बधिर होतो. काचेवर पडला तरी कळत नाही. दुखत नाही, हीच सगळी भानगड. हे तिला शिकवलं होतं वीब डॉक्टरांनी, कॅनडाहून येऊन इथं तीस वर्षं राहिलेल्या म्हाताऱ्यानं. त्यांचं मराठी बायजाबाई हुबेहूब करून दाखवायची. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, प्रत्येक 'त'चा 'ट': "बायजाबाय, पाय बोलट नाय. म्हनून आपन ट्याला रोज विचारायचा, काय बाबा, ठीक?" अख्खा व्हरांडा हसायचा. पेशंटसुद्धा हसायचे, पाय टबात ठेवून.

ती मिठागरात वाढलेली पोर. पेणकडच्या आगरात बाप मीठ ओढायचा, पुढं नवराही तेच करायचा. नवऱ्याचं नाव धर्मा. त्याच्या टाचेला खिळा लागला, पाय चिघळला, तसं त्याला घेऊन ती कुणाच्या तरी सांगण्यावरून शहरातल्या दवाखान्यात गेली. तिथं आधी अंगठा काढला, मग घोटा, मग गुडघा, मग मांडी. आठ महिन्यांत धर्मा एकेक तुकडा करून गेला. त्यानंतर ती खारकोंढ्याला कामाला लागली, झाडू मारायला. वीब डॉक्टरांनी तिला एकदा रोग्याच्या पायाशी वाकून बसलेलं पाहिलं आणि झाडू काढून चिमटा दिला. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. आता अठ्ठावन्न.

मिशनचे लोक मेनोनाइट. ख्रिस्ती लोकांतलीच ही एक लहानशी शाखा. तान्ह्या पोराला बाप्तिस्मा देणं यांना मान्य नाही. माणूस कळता झाला, स्वतःच्या तोंडानं हो म्हणाला, की मगच. हत्यार धरत नाहीत. शपथ घेत नाहीत, अगदी कोर्टातसुद्धा. माणूस हो म्हणाला म्हणजे हो, नाही म्हणाला म्हणजे नाही. त्यावर आणखी देवाला साक्षीला ओढायचं कारण काय? बायजाबाई ख्रिस्ती नव्हती, तिच्या घरी गणपती बसायचा. पण ही गोष्ट तिला फार आवडायची. "आमच्यात शपतीवर शपत घालतात नि खोटं बोलतात. इथं बिनशपतीचं हाय," ती म्हणायची.

याच चालीतून दवाखान्यात एक रिवाज पडला होता. सोमवारी सकाळी प्रार्थना झाली की सगळे गोल उभे राहायचे आणि डॉक्टर एकेकाला विचारायचे, "पाय?" तो म्हणायचा, "ठीक." कारण निम्म्या स्टाफला साखर, बायजाबाईलासुद्धा. डॉक्टर वहीत "ठीक" लिहायचे. मोजा काढून कुणी बघत नसे. बघणं म्हणजे माणसाच्या शब्दावर संशय घेणं. साऱ्या मुलखाचे पाय उलटेपालटे करून तपासणाऱ्या या दवाखान्यात घरच्यांचे पाय तेवढे विचारले जायचे.

वीब डॉक्टर परत गेले, वारले. आताचे डॉक्टर प्रफुल्ल सोनवानी छत्तीसगडकडचे, तिकडच्या जुन्या मेनोनाइट घरातले. मराठी शिकले होते, पण वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत उतरायचे. "बायजाबाई, बात अशी आहे की, दवाखाना चालत नाही. चाळीसचे बारा बेड झाले. सब लोग पनवेल जाते हैं."

"मग काय, टाळा लावायचा?"

"नाही, एक रास्ता आहे."

तो रस्ता असा होता. जगभरातले मेनोनाइट आणि त्यांच्या भाऊबंद मंडळ्यांचे दवाखाने, डॉक्टर, नर्सा एका जाळ्यात बांधायचं चाललं होतं. काँगो, पॅराग्वे, इथिओपिया, इंडोनेशिया, कॅनडा. एकाकडे औषध आहे पण डॉक्टर नाही, दुसऱ्याकडे डॉक्टर आहे पण पाणी नाही. एकमेकांना धरून उभं राहायचं. त्यात पायांची काळजी शिकवणारं एक केंद्र नेमायचं होतं. सगळीकडच्या नर्सांनी तिथं येऊन शिकायचं, तिथल्यांनी सगळीकडं जाऊन शिकवायचं. केंद्र खारकोंढ्याला मिळालं तर दवाखाना जगणार होता. आणि खारकोंढ्याकडं दाखवायला होती एकच गोष्ट. ती निळ्या टबापुढं बसलेली होती.

दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉपवर सभा भरायची. बायजाबाईची शिकाऊ नर्स मृणाली लॅपटॉप स्टुलावर ठेवून तिच्या कानात भाषांतर करायची. पडद्यावर चौकोनांत माणसं. कुणाच्या मागं बर्फ, कुणाच्या मागं कोंबडा.

"ह्यो कॅनडाचा बाबा काय बोलतो रोज? यू आरॉन म्यूट, यू आरॉन म्यूट. प्रार्थना हाय का?"

"मावशी, आवाज बंद आहे असं सांगतायत ते."

"मग तो इथिओपियावाला मघापासून तोंड हलवतोय त्याचं काय? बिचारा. आख्खं दुःख सांगून झालं असंल त्याचं."

पण तिची वेळ आली की सगळे चौकोन पुढं झुकायचे. ती केळीच्या बुंध्यावर पट्टी बांधून दाखवायची, जुन्या टायरच्या रबरातून चप्पल कापून दाखवायची. काँगोची एक थोराड नर्स, जोसेफीन, प्रत्येक वेळी दोन्ही हात वर करून काहीतरी म्हणायची. तिकडं मोठ्या बाईला मामा म्हणतात, म्हणून ती मामा जोसेफीन.

"बाई हाय नि मामा?" बायजाबाई म्हणाली. "असू दे. मामा तर मामा. काय बोलते?"

"म्हणते, मला या बाईच्या हाताखाली शिकायचंय."

बायजाबाईनं पदर तोंडाला लावला. लगेच खोकल्याचं सोंग केलं.

सप्टेंबरात मृणालीनं जगाचा नकाशा आणला. जिथं जिथं जाळ्यातला दवाखाना, तिथं एकेक टाचणी. बायजाबाईला हौस. चपला काढून ती स्टुलावर चढली आणि काँगोची टाचणी स्वतःच्या हातानं लावली. दोन-तीन टाचण्या खाली पडल्या. ती उतरली, चपलेत पाय सरकवला आणि दिवसभर हिंडली. संध्याकाळी घरी मोजा काढला तर तो ओला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी टाचणीची निळी टोपी मांसात बसलेली. कळ आली नव्हती, जरासुद्धा नाही.

चप्पल झटकून मगच पाय घाला, हे ती दिवसातून वीसदा सांगायची.

तिनं टाचणी काढली, जखम धुतली, पट्टी बांधली. अशा जखमेचं खरं औषध एकच, पाय जमिनीला टेकवायचा नाही. सहा आठवडे खाट. नोव्हेंबरात पाहुणे येणार होते. काँगोहून, पॅराग्वेहून, बघून ठरवायला. त्यांना काय दाखवायचं? पायांची मास्तरीण पाय वर करून खाटेवर? आणि डॉक्टरांना सांगितलं तर ते मोठ्या दवाखान्यात पाठवणार. अंगठा, घोटा, गुडघा, मांडी. ती वाट तिनं धर्माच्या उशाशी बसून पाहिलेली होती.

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "पाय?"

"ठीक," बायजाबाई म्हणाली.

बत्तीस वर्षांत ती तिथं पहिल्यांदा खोटं बोलली आणि ते कुणालाच कळलं नाही. कळायची सोयच नव्हती.

पाहुणे जाईपर्यंत, एवढंच, असं तिनं ठरवलं. रोज सगळ्यांच्या आधी येऊन ती सामानाच्या खोलीत कडी लावायची आणि स्वतःची पट्टी बदलायची. इतक्या निगुतीनं, की परीक्षेत ठेवली असती तर पैकीच्या पैकी मार्क पडले असते. वर जाड मोजा. केसांत गजरा, तोही रोज नवा.

"मावशी, काय हे, गजरे-बिजरे! कुणी भेटलं की काय?" मृणाली चिडवायची.

"पॅराग्वेचा पाव्हना येतोय ना. बघू कसा हाय."

मग बातमी आली की काँगोच्या लोकांचा व्हिसा अडकला. नोव्हेंबर गेला. डिसेंबरात सगळे नाताळात. भेट जानेवारीवर गेली. बुधवारच्या सभेत कॅनडाचे बाबा म्हणाले की दिरंगाईतही देवाचा काही हेतू असतो. मृणालीनं भाषांतर केलं. बायजाबाईनं मांडीवरचा पदर घट्ट पिळला.

भोक टाचणीएवढं होतं ते चवलीच्या नाण्याएवढं झालं. मग एक दिवस चिमट्याचं टोक आत कशाला तरी कट्कन लागलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. हाड लागलं की तोच आवाज येतो. ती खोलीत बराच वेळ तशीच बसली. बाहेर कुणीतरी हाका मारत होतं, "बाय कुठं गेली? बाय, पाय दाखवायचाय!" तिनं मोजा चढवला आणि बाहेर गेली.

घरी मुलगा अल्पेश तिला तापलेली बघायचा. तो न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा, दोन-दोन दिवस घरी नसायचा. "आये, अंग गरम हाय तुझं. चल ना, टेस्ट मारून येऊ पटकन."

"बेस्ट हाय मी. तुझ्या ट्रेलराचा टायर बघ आधी."

जानेवारीत पाहुणे आले. तीन दिवस खारकोंढ्याला जत्रा भरल्यासारखं झालं. पॅराग्वेचा डॉक्टर टबापाशी मांडी घालून बसला आणि उठता येईना म्हणून दोघांनी ओढला. मामा जोसेफीन बायजाबाईच्या शेजारून हललीच नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. जोसेफीन तिकडचं फ्रेंच बोलायची, पॅराग्वेचा डॉक्टर ते इंग्रजीत करायचा, मृणाली मराठीत, तोवर दोघींचं बोटांनी बोलून झालेलं असायचं. बायजाबाईनं चिमटा दिला की जोसेफीन घ्यायची, चुकली की बायजाबाई तिच्या मनगटावर चापट मारायची, जोसेफीन खदखदून हसायची. डॉक्टरांच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता, कर्मचाऱ्यांचे पाय दर आठवड्याला तपासले जातात का? त्यांनी हो लिहिलं. वही साक्षीला होती.

"केंद्र आपल्यालाच, बायजाबाई. समझो हो गया," ते हळूच म्हणाले.

उरली होती शेवटची दुपार. त्या दुपारी पाय धुण्याचा विधी. मेनोनाइट लोक एकत्र जमले की एकमेकांचे पाय धुतात. मोठा लहानाचे, डॉक्टर झाडूवाल्याचे, बायका बायकांचे. बायजाबाईला ते ठाऊक होतं. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं की मी पाणी देईन, पंचे देईन, मी बसणार नाही. तशी ती बादली घेऊन फिरतही होती. पण मामा जोसेफीन उठली, तिच्या हातातली बादली काढून घेतली, तिला खांद्याला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः गुडघ्यांवर खाली बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणते, गुरूचे पाय पहिले," मृणाली म्हणाली.

बायजाबाईनं डावा पाय दिला. जोसेफीननं तो धुतला, पुसला, त्यावर कपाळ टेकवलं आणि दोन्ही हात उघडे धरून थांबली.

"झालं की," बायजाबाई म्हणाली. "एक पुरे."

जोसेफीन काही बोलली. पॅराग्वेच्या डॉक्टरनं ते इंग्रजीत सांगितलं. मृणाली हसत हसत म्हणाली, "मावशी, ती विचारते, दुसरा पण तुमचाच ना?"

सगळे हसले. या विधीत कुणावर जबरदस्ती करत नाहीत. नाही म्हटलं असतं तर जोसेफीन उठली असती. बायजाबाईनं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात खाली वाकलेल्या जोसेफीनच्या नाकपुड्या हलल्या. चाळीस वर्षं तिनंही हेच काम केलं होतं. तिचा चेहरा उतरला. हसू गेलं आणि तिनं वर पाहिलं. बायजाबाईनं तोंड मिटलं.

मोजा निघाला. आत पांढरीशुभ्र पट्टी, कडा दुमडलेल्या, गाठ घोट्याच्या बाहेरच्या अंगाला. ती गाठ बघूनच मृणालीचं हसू गेलं. असली गाठ मारायला तिला तीन महिने लागले होते. पट्टी सुटली. अंगठा काळा, शेजारचं बोट काळं, आणि तळव्याला एवढं मोठं भोक, की आतलं हाड दिसावं. व्हरांड्यात वास पसरला.

डॉक्टर प्रफुल्ल पुढं आले. "बायजाबाई, हे कब से?"

"चार दिस झालं," ती म्हणाली. सवयीनं तेच आलं तोंडात.

कुणी हसलं नाही. जोसेफीन मात्र उठली नाही. तिनं टबातलं पाणी बदलायला सांगितलं आणि तो पायही धुतला, बोटांच्या खाचांतून, अगदी शिकवल्याप्रमाणे.

तीन तासांत बायजाबाई पनवेलच्या बाजूच्या मोठ्या दवाखान्यात होती. अल्पेश बंदरातून थेट आला, अंगावर कंपनीचं नारिंगी जाकीट तसंच. "आये, तू लोकांना शिव्या घालतेस ना गं, उशिरा आले म्हणून? घरच्यांना सांगावं तरी..." आणि तो जाकिटाची बटणं सोडू लागला.

सर्जन तरुण होता. त्यानं कागद पुढं केला, पायावर पेनानं रेघ मारली. बायजाबाईनं रेघ पाहिली.

"गुडघा ठेवा डाक्तर. गुडघ्याखाली सात बोटं तरी. न्हायतर पुढं नकली पाय बसत न्हाय नीट."

"आजी, तुम्हाला कसं माहीत?"

तिनं अंगठा उठवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

पाय गेला. ताप गेला नाही. तो आणखी तीन आठवडे राहिला. ती जगली, एवढंच.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी डॉक्टर प्रफुल्ल लॅपटॉपपुढं बसले. मोठ्या दवाखान्यातून परतल्यापासून त्यांची दाढी वाढलेली होती. त्यांनी फॉर्म वाचला आणि म्हणाले की शेवटच्या प्रश्नाला मी हो लिहिलं ते खोटं होतं. आम्ही तपासत नव्हतो, विचारत होतो. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं हे बोलायला. न बोलते तर चालूनही गेलं असतं. मग कॅनडाचे बाबा सावकाश बोलू लागले.

यांच्यात मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. तीन बुधवार बसले. जोसेफीन खारकोंढ्याच्या बाजूनं भांडली, पण केंद्र पॅराग्वेला गेलं. खारकोंढ्याचा विचार पुढं कधीतरी होईल. मिशननं बेड बंद केले. आठवड्यातून दोन दिवस ड्रेसिंग चालू राहील, तेही जूनपर्यंत. टबापुढं मृणाली बसते.

ती मार्चात बायजाबाईला भेटायला आली. आल्यापासून तोंड फुगवून बसली होती.

"शिव्या दे एकदाच्या," बायजाबाई म्हणाली. "पोट दुखंल न्हायतर."

"मावशी, तुमच्या शेजारी बसायची मी रोज. तुम्ही मला शिकवलंत ते सगळं खोटं होतं का?"

"शिकवलं ते खरंच हाय. मी न्हाय केलं."

"का पण?"

बायजाबाईनं पांघरुणाखालचं सपाट अंथरूण हातानं चाचपलं. "धर्माला नेलं तवा तो पन म्हनला होता, अंगठ्यावर भागंल ना गो. मी म्हनलं, भागंल." मग म्हणाली, "आनि ते सगले चौकोन. माझ्याकडं बगायचे गो."

मृणालीनं डोळे पुसले आणि लॅपटॉप उघडला. पॅराग्वेच्या केंद्रासाठी शिकवायची चित्रं तयार होत होती. सगळ्या देशांत जाणार होती. त्या दुपारी पट्टी सुटल्यावर पॅराग्वेच्या डॉक्टरनं पायाचा फोटो काढला होता. तो वापरायला त्यांना परवानगी हवी होती. नाव, चेहरा काही येणार नाही. नको असेल तर फोटो पुसून टाकतील.

"दाखव," बायजाबाई म्हणाली.

तिनं तो बघितला. नाक आपोआप पुढं गेलं, मग तिचं तिलाच कळलं आणि ती मागं सरली. कुणा दुसऱ्याच्या पायाकडं बघावं तसं तिनं बोटानं दाखवलं. "इथं बघ, कडा पांढरी. इथं बरं व्हायला बघत व्हता. पाय टेकवला नसता तर भरला असता." मग म्हणाली, "खाली काय लिवलंय?"

मृणाली अडखळली. "ते असंच, नेहमीचं."

"वाच."

"रुग्ण स्त्री, वय अठ्ठावन्न. मधुमेह. उशिरा दाखल. पायाच्या काळजीबद्दल माहिती नव्हती."

बाहेर अल्पेश फोनवर कुणाला तरी ट्रेलरचा नंबर सांगत होता, एकेक आकडा दोनदोनदा.

"मायती नव्हती?" बायजाबाई म्हणाली.

"मावशी, हे सगळ्यांच्याच फोटोखाली..."

"खोड ते. माहीत होतं, असं लिव."

"तसं कसं लिहायचं?"

"जसं हाय तसं. आनि नाव घाल. बायजाबाई धर्मा पाटील, ड्रेसिंगवाली, खारकोंढे. बिननावाचा पाय बगून पोरी म्हनतील, असंल कोनी अडानी."

मृणाली टाइप करू लागली. बायजाबाई तिच्या बोटांकडं बघत राहिली. लिहून झाल्यावर तिनं ते पुन्हा वाचून घेतलं, मग इंग्रजीत काय म्हणतात तेही वाचून घेतलं. त्यातलं तिला काही कळलं नाही. पण आपलं नाव मधोमध आलेलं तिला नीट ऐकू आलं.